मालवणची सहल आणि मनगटातली कळ

मैत्रिणींनो, मालवणहून परतणारी बाई पिशवीत काय काय घेऊन येते? कोकमाचं आगळ, काजू, खडखडे लाडू, मालवणी मसाल्याची पुडी आणि शेजारच्या मुलांसाठी मूठभर शिंपले. मीही हे सगळं आणलं. शिवाय आणखी एक वस्तू आणली, जिची पावती कुणी दिली नाही आणि जी अजूनही पुरती परत करता आलेली नाही. ती म्हणजे उजव्या मनगटातली कळ!

पण म्हणून मालवणला जाऊ नका असं मी सांगणार नाही. उलट जाच. फक्त माझ्यासारखं करू नका, म्हणून हा सारा प्रपंच.

आम्ही दिवाळीनंतर निघालो. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि आमच्या वन्सं. सांगलीहून कोल्हापूर, तिथून राधानगरी, दाजीपूरचं जंगल आणि फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल आणि मालवण. रेल्वेनं येणाऱ्यांना कुडाळ स्टेशन सोयीचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. पण आमच्या बाजूच्या बायकांनी घाटानंच जावं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरीचं धरण वाटेत लागतं, आणि दाजीपूर सोडून घाटात शिरलं की हवा बघता बघता बदलते. वर शाल लागते, खाली पदरानं वारा घ्यावा लागतो. लाल माती, चिऱ्यांची घरं, दारात तुळस आणि मागे माड. सिंधुदुर्ग हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा. बोलणं, जेवण आणि चिडवणं या तिन्ही बाबतींत तो अगदी स्वतःचा आहे.

उतरलो देवबागला. मालवणहून तारकर्ली आणि तिथून पुढं देवबाग. हा गाव म्हणजे वाळूची लांबच लांब जीभ आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची बाग नि माणसांची घरं. रात्री अंथरुणावर पडलं की एका कानात समुद्र गाजतो आणि दुसऱ्या कानाला नदीचा आवाजसुद्धा नाही. टोकाला जिथं नदी समुद्राला मिळते तिथं संगम. तिथंच खाडीत वाळूचं एक बेट आहे, त्याला सगळे त्सुनामी बेट म्हणतात. 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं, असं होडीवाले सांगतात.

आम्ही एका घरीच खोल्या घेतल्या होत्या. घरच्या काकी स्वतः रांधून वाढायच्या. सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, दुपारी बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. एके दिवशी शिरवाळे केले, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. त्या शेवया पाडायचा लाकडी साचा बघून मी म्हटलं, "काकी, हे तर हात मोडायचं काम." त्या हसल्या. पुढं काय वाढून ठेवलंय ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी किल्ला केला. मालवणच्या धक्क्यावरून होडीनं निघालं की थोड्याच वेळात सिंधुदुर्गाच्या तटाशी पोचतो. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. दरवाजा असा बेमालूम वळणात लपवलाय, की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं! पाण्यासाठी पहाटे उठणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना याचं अप्रूप तटबंदीपेक्षा जास्त. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आहे, आणि तटाजवळ चुन्यात उमटलेला महाराजांचा हाताचा नि पायाचा ठसा दाखवतात. वन्संनी हात जोडले. मी मात्र तो हाताचा ठसा बराच वेळ बघत राहिले. पंजाच्या खाली मनगट कुठं सुरू झालं असेल, असला वेडगळ विचार तेव्हाच मनात आला होता, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन बघायला गेलो, आणि परतताना त्सुनामी बेटावर उतरलो. तिथं सगळी जत्राच. पाण्यावरची स्कूटर, पॅराशूट बांधून उडणं, आणि ते पिवळं केळं, बनाना राईड. हवा भरलेली केळ्याच्या आकाराची लांब नळी असते. तिच्यावर घोड्यावर बसावं तसं एकामागं एक बसायचं. प्रत्येकासमोर धरायला एक पट्टा. पुढची मोटरबोट दोरानं ओढत नेते आणि शेवटी मुद्दाम गर्रकन वळण घेऊन सगळ्यांना पाण्यात पाडते. तीच त्यातली मजा.

सूनबाई म्हणाली, "आई, चला ना." हे म्हणाले, "तिला कुठं नेतेस या वयात?" झालं! पन्नाशी उलटलेल्या बाईला हे वाक्य ऐकवलं की ती केळ्यावर बसणारच. लाइफ जॅकेट घातलं, पदराऐवजी सूनबाईचा पंजाबी ड्रेस होताच, आणि बसले.

आता चूक ऐका. पडायची भीती वाटत होती, म्हणून मी पट्टा नुसता मुठीत धरला नाही. एस.टी.त उभं राहून प्रवास करताना आपण वरच्या पट्ट्यात हात घालून पीळ देतो ना, तसा पट्ट्यातून पंजा घालून एक वेढा दिला. बोटीनं वळण घेतलं, केळं उलटलं, सगळे सुटून पाण्यात पडले. मीही पडले, पण हात वरच राहिला. अंग एकीकडे आणि मनगट दुसरीकडे असा एक पीळ बसला. धुणं पिळताना बसतो तसाच, फक्त पिळणारा समुद्र होता. क्षणभरात हात निसटला, जॅकेटनं वर आणलं, नाकातोंडात खारं पाणी. सगळे हसत होते, मीही हसले. किनाऱ्यावर आल्यावर कळलं की करंगळीच्या बाजूचं मनगट पेटलंय.

घरी पोचेतो सूज चढली. काकींनी माझा हात बघितला मात्र, आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "हातातला आधी काढ गो बाय, मगे निघाचा नाय." काचेच्या दोन बांगड्या पाण्यातच पिचल्या होत्या. उरलेल्या आणि अंगठी त्यांनी साबणाचं पाणी लावून अलगद उतरवल्या. त्या दिवशीचं एवढं एकच काम शहाणपणाचं झालं. हाताला काहीही लागलं, तरी सूज चढायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढा. राहिल्या तर पुढं कापाव्या लागतात, आणि अंगठीखाली बोट काळंनिळं पडतं ते वेगळंच. खरं तर पाण्यातल्या खेळाला जाताना काच हातात ठेवूच नये. मंगळसूत्र, कानातली, सगळं घरी.

यापुढचं मात्र सगळं चुकलं. रात्री वन्संनी मायेनं कढत तेल लावून मनगट चांगलं रगडलं, वर मिठाच्या पुरचुंडीचा शेक दिला. सकाळी हात दुप्पट. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, की ताज्या दुखापतीला पहिले दोन दिवस शेकायचं नाही नि चोळायचंही नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, काढायचा, थोड्या वेळानं परत ठेवायचा. हात उशीवर उंच, आणि हलायचा नाही. आमच्या सांगलीत हळदीला तोटा नाही, तेव्हा परतल्यावर लेपही भरपूर झाले. त्याने फक्त उशांचे अभ्रे पिवळे झाले.

सांगलीत फोटो काढला. "हाड शाबूत आहे, मुरगळलंय, आठवड्यात बरं वाटेल," असं ऐकून आम्ही निर्धास्त. चिकटपट्टीचं बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या. सूज ओसरली. बाहेरून हात अगदी पहिल्यासारखा. आणि इथंच बायकांचा घात होतो बरं का! सूज असेतो घरातले विचारतात, सूज गेली की हात परत कामाला जुंपला जातो. कुणी जुंपतं असंही नाही, आपणच जुंपून घेतो.

मग सुरू झाला लपंडाव. कणीक तिंबायला घेतली की कळ. कुलपात किल्ली फिरवली की कळ. पक्कडीनं भरलेली कढई उतरवायला गेले, आणि डाळीसकट कट्ट्यावर सांडली. फडकं पिळताना तर डोळ्यांपुढं काजवे. मनगटात कट्‌कट् आवाज यायचा. खाली बसलेली मी हात टेकून उठायला जायची आणि परत बसायची. संक्रांतीला तिळाचे लाडू वळले डाव्या हातानं. ते इतके वेडेवाकडे झाले, की हळदीकुंकवाला आलेल्या एकीनं विचारलं, "सूनबाईनं केले का?" मी "हो" म्हटलं. बिचारी सूनबाई!

हे एकदा म्हणाले, "एका केळ्याचं किती दिवस?" त्यांचा स्वभाव थट्टेखोर, मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर मी बोलणंच टाकलं. मनात येई, खेळायला गेले म्हणून लागलं ना? विहिरीवर, रांधताना, मुलाला उचलताना लागलं असतं तर दुखणं मोठ्यानं सांगता आलं असतं. मजा करताना लागलेलं दुखणं सांगायची बाईला लाज वाटते. असे तीन महिने काढले मी.

शेवटी फेब्रुवारीत चहाचं आधण कलंडलं, पायावर पडता पडता वाचलं. मुलगा काही न बोलता गाडी काढून मिरजेला हाताच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला.

त्यांनी आधी नुसतं दाबून बघितलं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगी पडते बघा. पूर्वी आजीबाई तिथं तपकिरीची चिमूट ठेवायच्या. तिथं दुखतं का? नाही. ते विचारण्याचं कारणही सांगितलं. त्या खळगीखाली होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. पडल्यावर ते मोडतं आणि पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून त्या खळगीत दुखत असेल तर पहिला फोटो स्वच्छ आला तरी हात बांधून ठेवायचा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा. त्या हाडाचा रक्तपुरवठा अवघड वाटेनं येतो. वेळेवर बांधलं नाही तर ते सांधतच नाही, आणि पुढं मनगट कायमचं झिजतं. हे मुद्दाम लिहितेय. माझं ते हाड नव्हतं, पण तुमच्यापैकी कुणाचं असू शकेल.

मग करंगळीच्या बाजूला, मनगटावरच्या टेंगळाशेजारच्या खोलगटात बोट दाबलं, आणि मी ओरडलेच. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठायला सांगितलं, जमेना. एम.आर.आय. केला. त्यात निघालं, की तिथली तीन कोनांची कूर्चा फाटलीय.

ही कूर्चा म्हणजे हाताच्या दोन लांब हाडांच्या टोकांना धरून ठेवणारी, आणि मनगटाखाली गादीसारखं काम करणारी. तळवा उपडा-उताणा होतो तेव्हा सगळी हालचाल तिच्याजवळून होते. साध्या फोटोत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. म्हणूनच "फोटो स्वच्छ" होता. तिच्या कडेला रक्त पोचतं, मध्यभागी जवळजवळ नाहीच. कडेची चीर विश्रांतीनं सांधू शकते, मधली सहसा सांधत नाही, तिच्याशी जमवून घ्यावं लागतं. फारच सतावलं तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. माझी चीर कडेला होती. डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच आठवड्यात आला असता तर..." आणि वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. ह्यांनी ते ऐकलं. घरी येताना गाडीत कुणीच काही बोललं नाही, पण त्या संध्याकाळपासून धुणं पिळायचं काम ह्यांनी घेतलं. न सांगता.

सहा आठवडे कोपराच्या खालपर्यंतचा पट्टा, रात्रीसुद्धा. मार्च सरला. कुरडयांचा हंगाम आला नि मी माडीवर खुर्चीत बसून नुसती चीक हलवणाऱ्यांना सूचना देत होते. आयुष्यात पहिल्यांदा! शेजारणींनी माझ्या वाटणीच्या घालून दिल्या. मग व्यायाम. आधी गरम पाण्यात हात ठेवून नुसती बोटं. जुन्या दुखण्याला शेक चालतो, ताज्याला नाही, हा फरक लक्षात ठेवा. मग ओला स्पंज दाबणं. मग कोपर कुशीत घेऊन लाटणं एका टोकाला धरायचं, आणि हळूहळू तळवा उताणा, तळवा उपडा. लाटण्याच्या लांबीचं वजन मनगटाला सोसायला शिकवतं. दुखलं की थांबायचं. फडकं पिळणं सगळ्यात शेवटी, सातव्या महिन्यात. मधे एकदा उत्साहानं पंचा पिळला आणि दोन आठवडे मागं गेले. पण हे सगळं तपासणाऱ्याला विचारूनच, माझं वाचून नको.

घरात काही सोयी केल्या, त्या आता मोडवत नाहीत. भिजलेले लहान कपडे पिळायचे नाहीत, जाड पंचात गुंडाळून दाबायचे. कढई दोन्ही हातांनी दोन कानांना धरून उतरवायची, एका हातात पक्कड नाही. पातेलं भरण्याआधी गॅसवर ठेवायचं आणि तांब्यानं पाणी ओतायचं. कणीक मुठीनं, मनगट सरळ ठेवून दाबायची, तळव्याची टाच वाकवून नाही. चकलीचा फिरवायचा सोऱ्या मात्र दिवाळीत मुलाच्या हाती दिला. दुसऱ्या घाण्याला त्याच्या लक्षात आलं, की त्याच्या आईनं तीस वर्षं काय फिरवलं.

आणि त्या डिसेंबरात परत मालवणला गेलो. मीच हट्ट धरला. ज्या पाण्यानं घाबरवलं त्याच्याशी बोलणं टाकायचं नव्हतं.

एक लक्षात असू द्या. पावसाळ्यात हे पाण्यातले खेळ बंद असतात. तेव्हा थंडीतले महिने बरे. या वेळी काकींनी मला बघितल्या बघितल्या हात पुढं करायला लावला. दाबून बघितला. "बरो जालो," म्हणाल्या, आणि घावणे वाढले.

सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली. रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल टाकलेलं मोठं जाळं, त्याचे दोन दोर धरून दोन रांगा किनाऱ्यावरून ओढत असतात. मी मुद्दाम त्यांची मनगटं बघत होते. एकाचंही वाकलेलं नव्हतं! हात सरळ, पाय वाळूत रुतवलेले आणि सगळा भार पाठीचा. दोर हाताला गुंडाळलेला कुणाचाच नाही, नुसता मुठीत. मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "दोर हाताला वेढत नाही का कुणी?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी पुढं काही विचारलं नाही.

केळ्यावर नाही बसले. सूनबाई बसली, हात वेढू नकोस, पडताना सोडून दे, असं तीनदा बजावूनच. मी कमरेइतक्या पाण्यात, जॅकेट घालून, काचेचा मुखवटा लावून बुडी घेतली. त्याला हातांचं काम नाही. खाली वाळूवर चट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे माझ्या पायांशी येऊन परत जात होते. किती वेळ तशी तरंगत होते कोण जाणे, हे किनाऱ्यावरून हाका मारत होते म्हणे.

किल्ल्यावरही गेलो. होडीतून धक्क्यावर चढताना होडीवाल्यानं हात पुढं केला. मी सवयीनं डावा दिला, मग मागं घेतला नि उजवा दिला. त्यानं वर ओढलं. थोडंसं जाणवलं, पण कळ नव्हती.

येताना आगळाची बाटली आणलीय. सोलकढी अधूनमधून होते. झाकण मात्र अजून हेच उघडून देतात.